खूणचिठ्ठी

जालन्यात, नव्या मोंढ्याच्या मागं,
बियाणं कंपनीच्या गोदामावर पत्र्याची एक खोली.
तिथं मी आणि मुंजाजी खटिंग.
खाली पिशव्यांची तोंडं शिवली जायची,
वर आम्ही वजनकाट्याचा कोड लिहायचो.

एकेचाळीस फाइली.
प्रत्येकीचं वय वेगळं.
दरपत्रकाची सदतिसाव्यांदा बदललेली,
तारीख मोजणारी जन्मल्यापासून फक्त तिसऱ्यांदा,
आणि पावती छापणारीला तर
मुंजाजी रोज जेवण झालं की हात लावायचा,
कुणी दातात काडी घालावी तसा.

मागच्या हंगामात खूण केलीच नव्हती.
मंठ्याला गेलं ते कुठल्या दिवसाचं,
कुणालाच सांगता येईना.
बारदान वजा करणारी नवी गेली,
बेरीज करणारी जुनी.
दोघी आपापल्या घरी खऱ्या.
एकत्र नांदल्या की पोत्यामागं साडेतीनशे ग्रॅम गायब.
तिथला हमाल फोनवर म्हणाला,
"बाई, तुमचा काटा उपाशी हाय का?"

म्हणून या खेपेला म्हणाले, थांब.
हात काढ.
सात वाजून दहा मिनिटं झालेली,
कूलरमधलं पाणी संपलेलं.
पन्नास किलोचं माप पन्नास वेळा ठेवलं,
पन्नास वेळा पन्नासच भरलं.
मग एकेकीवर बोट ठेवत गेले:
हिची सदतिसावी, हिची तिसरी,
हिची एकशे बारावी
(मुंजाजीनं खाली बघितलं),
या आता एकमेकींना ओळखतात.
सगळ्यांमधून एक दोरा ओवला,
गाठ मारली, नाव दिलं,
भोकरदन-एक.
"बारसंच की," मुंजाजी म्हणाला,
आणि पेढ्याचे पैसे मागितले.

श्रावणात तो पुण्याला गेला.
कार्तिकात भोकरदनहून फोन:
हजारावी पिशवी काट्यावर ठेवली
की मोजणी पुन्हा शून्यावर.

दोरा ओढला.
एकेचाळीसच्या एकेचाळीस बाहेर आल्या,
त्या संध्याकाळी होत्या तशाच,
नंतरच्या धुळीचा एक कण नाही.
पावतीच्या फाइलीत, कुणाला न दिसणाऱ्या ओळीत,
मुंजाजीचं टिपण:
"हजाराचं काय ते उद्या बघू."

दुरुस्ती एका अंकाची.
चहा निवायच्या आत झाली.
आणि मग लखोटियाशेठ खुर्ची ओढून बसले:
नाव तेच राहू द्या की ताई.
जुनी गाठ सोडा, नवीवर बांधा.
तपासणीवाले विचारणार, आपण दाखवणार,
भोकरदन-एक, बिनचूक.

होतं तसं करता.
एकाच आज्ञेचं काम.
शून्य कधी पडलंच नव्हतं असं झालं असतं.

विचार करते म्हणाले आणि जिना उतरले.
खाली द्वारकाबाई शिलाई मशीनवर.
एका पिशवीचं तोंड वाकडं शिवलं गेलं होतं.
तिनं टाका उसवला,
निळी खूणचिठ्ठी काढली,
कात्रीनं मधोमध कापून डब्यात टाकली.
नवी घेतली.
"चांगली तर होती," मी म्हणाले, "लावायची तीच."
तिनं मान वर केली नाही.
"भोक पडलंय न तिला.
सुई एकदा जिथून गेली, तिथलीच ती."
आणि मशीन सुरू केलं,
पुढचं बोलणं त्याच्या खडखडाटात गेलं.

वर आले.
नवा दोरा, नवी गाठ: भोकरदन-दोन.
पहिलीला हात लावला नाही.
शेठ दोन दिवस माझ्याशी
फक्त वीजबिलाबद्दल बोलले.

मुंजाजीला काही कळवलं नाही.
कधीही ओढा तो जुना दोरा,
कूलरमधलं पाणी संपलेलं असतं,
हजारावी पिशवी शून्य भरते,
आणि त्याचा तो उद्या
अजून सात-दहालाच बसलेला असतो,
पेढ्यांची वाट बघत.